रीत आणि ताळा

"प्रत्येक रोग्याला त्याचे स्वतःचे औषध" ही घोषणा गेली काही वर्षे इतक्या ठिकाणांहून कानावर येते आहे की, ती खरी आहे काय, असे विचारणेसुद्धा आता असभ्यपणाचे वाटू लागले आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, औषधकंपन्यांची गुळगुळीत पत्रके, परिषदांतली उद्‌घाटनाची भाषणे, सगळीकडे सूर एकच. कर्करोगाच्या रोग्याला आजवर डॉक्टर ठोकळमानाने केमोथेरपी देत आले; आता यंत्र शिकून शहाणे झाले आहे; ते तुमची जनुके पाहील, रक्त पाहील, गाठीचे चित्र पाहील, आणि तुमच्या, केवळ तुमच्याच, देहाला मानवेल असे औषध आणि तेवढीच मात्रा काढून देईल. शिंप्याने अंगाला टेप लावून सदरा बेतावा तसे!

स्वप्न चांगले आहे. त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते स्वप्न पुरे झाल्याच्या थाटात बोलणाऱ्यांशी, आणि विशेषतः "स्वतःचे" हा शब्द ते ज्या सराईतपणे वापरतात त्याच्याशी.

कोणी म्हणेल, मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेल्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराने या फंदात पडावेच कशाला? त्याला माझे उत्तर एवढेच की, रोगी होण्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही. शिवाय वीस वर्षे मुलांच्या गणिताच्या वह्या तपासून एक खोड मला जडली आहे. खाली उत्तर बरोबर लिहिले आहे एवढ्यावर मी पुरे गुण देत नाही. रीत कुठे आहे? ताळा करून पाहिलास का? शेजारच्या वहीतून उतरलेले उत्तरही बरोबर असते. आणि दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात तेव्हाही उत्तर बरोबर येते. चौथीतल्या पोराकडून जे मी मागतो, ते माणसाच्या शिरेत विष सोडायला सांगणाऱ्या यंत्राकडून मागू नये, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

विष हा शब्द मी मुद्दाम वापरला. या औषधांचा जन्मच युद्धातल्या विषारी वायूच्या अभ्यासातून झाला. १९४२ साली अमेरिकेतल्या येल येथे मस्टर्ड वायूच्या जातकुळीतले द्रव्य कर्करोगाच्या रोग्याला प्रथम टोचण्यात आले. वेगाने वाढणाऱ्या पेशी मारणे हे त्या औषधांचे काम. गाठ वेगाने वाढते म्हणून ती मरते. परंतु केसांची मुळे, आतड्याचे अस्तर, हाडांतल्या मगजात रोज जन्मणाऱ्या रक्तपेशी, याही वेगानेच वाढतात. मात्रा कमी पडली तर रोग शिरजोर होतो आणि जास्त झाली तर रोगीच हाताचा जातो. म्हणून मात्रा किती, हा या उपचारातला किरकोळ प्रश्न नसून बऱ्याच अंशी तोच खरा प्रश्न आहे.

आणि ती मात्रा आज कशी ठरते? वाचकांना आश्चर्य वाटेल, पण बहुतेक औषधांच्या बाबतीत ती ठरते रोग्याची उंची आणि वजन यांवरून काढलेल्या कातडीच्या क्षेत्रफळावर. अमुक चौरस मीटर कातडी, म्हणून अमुक मिलिग्रॅम औषध. हे क्षेत्रफळ काढण्याचे प्रसिद्ध सूत्र न्यूयॉर्कच्या ड्यू बॉय या जोडगोळीने १९१६ साली बसवले, आणि ते बसवले नऊ माणसांच्या मापांवरून. नऊ! १९५८ साली डोनाल्ड पिंकेल यांनी कर्करोगाच्या औषधांना हे माप लावावे असे सुचवले, आणि तेव्हापासून तीच वहिवाट पडली. सारख्याच उंचीवजनाच्या दोन माणसांची यकृते तेच औषध कित्येक पटींच्या फरकाने निकालात काढतात, हे डॉक्टरांना ठाऊक नाही असे नव्हे. दुसरे काही हाती नव्हते, म्हणून हे चालू राहिले.

तेव्हा जुनी पद्धत फार शास्त्रीय होती आणि यंत्राने ती बाटवली, असे रडगाणे गाणाऱ्यांतला मी नाही. नऊ माणसांपेक्षा नऊ हजार माणसांकडून शिकलेले बरे. माझे म्हणणे इतकेच की, त्या नऊ माणसांचे सूत्र कोणीही कागदावर मांडू शकतो, तपासू शकतो, त्याला हसूही शकतो. आज मी त्याला हसतो आहे तो याच कारणाने.

खरोखर माणसागणिक मात्रा काढणारे एक सूत्र मला फार आवडते. कार्बोप्लॅटिन नावाचे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. १९८९ साली कॅल्व्हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, रोग्याचे मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते तो आकडा घ्या, त्यात २५ मिळवा, आणि रक्तात औषधाचा जेवढा अंमल हवा त्या आकड्याने गुणा, आली मात्रा. हवा असलेला अंमल ५ धरला तर ज्याचे मूत्रपिंड ९५ ने गाळते त्याला ६०० मिलिग्रॅम, आणि ज्याचे ४५ ने गाळते त्याला ३५०. सातवीतला मुलगा हे करील. इथे "स्वतःचे" हा शब्द खरा आहे. माझे मूत्रपिंड मोजले आणि माझी मात्रा काढली. चूक झाली तर नर्सबाईंच्या, फार्मासिस्टच्या किंवा रोग्याच्या मुलाच्याही ती लक्षात येऊ शकते. अशी सूत्रे थोडी आहेत, हे दुर्दैव. पण ती आहेत.

आता या शिकाऊ यंत्राचे पाहू. मशीन लर्निंग म्हणजे यंत्राला नियम सांगायचा नाही, उदाहरणे दाखवायची. हजारो रोग्यांची वये, तपासण्या, जनुके, दिलेली औषधे आणि झालेला परिणाम त्याच्यापुढे टाकायचा, आणि या ढिगातून परिणामाशी जुळणारी वळणे त्याने आपली आपण हुडकायची. मग नवा रोगी आला की, तो कोणत्या जुन्या रोग्यांसारखा दिसतो ते पाहून यंत्र अंदाज सांगते. हे हुशारीचे काम आहे, आणि अनेक ठिकाणी उपयोगाचेही. परंतु यात "तुमचे स्वतःचे" काय आहे? यंत्र तुम्हाला ओळखत नाही. तुमच्यासारखे जे दुसरे, त्यांना ते ओळखते. तुमच्यासारखे कोणी त्या ढिगात नसतील तर? तरीही ते उत्तर देतेच. "मला येत नाही" असे म्हणून पाटी कोरी ठेवणारे पोर मला या यंत्रापेक्षा प्रामाणिक वाटते.

ही केवळ शंकेखोर मास्तराची कुरकुर नव्हे. हे सारे एकदा घडून गेले आहे, आणि ते इतके बोलके आहे की, उद्‌घाटनाच्या भाषणांत त्याचा उल्लेख का होत नाही ते चटकन समजते.

२००६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून एक शोधनिबंध "नेचर मेडिसिन" या मातबर नियतकालिकात आला. अनिल पोट्टी हे त्याचे प्रमुख लेखक. वैद्यकाचे पहिले शिक्षण वेल्लोरला झालेले, म्हणजे आपल्याकडचेच. जोसेफ नेव्हिन्स या नामांकित संशोधकाच्या प्रयोगशाळेतले हे काम. प्रयोगशाळेत बशीमध्ये वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींचे काही प्रकार कोणत्या औषधाला बधतात आणि कोणत्याला बधत नाहीत, हे आधीच ठाऊक होते. त्यांतली जनुके पाहून संगणकाने प्रत्येक औषधाची एक "खूण" काढायची. मग रोग्याच्या गाठीत ती खूण शोधायची आणि कोणती केमोथेरपी लागू पडेल ते आधीच सांगायचे. ज्या गोष्टीचे आज नगारे वाजताहेत नेमकी तीच गोष्ट! आनंदीआनंद झाला. २००७ पासून फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या खऱ्याखुऱ्या रोग्यांवर चाचण्या सुरू झाल्या. कोणाला कोणते औषध द्यायचे हे ती खूण सांगू लागली.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही ही पद्धत वापरायची होती. त्यांनी आपल्याकडच्या दोघा संख्याशास्त्रज्ञांना, कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांना, ती तपासायला सांगितले. या दोघांनी जे केले त्याला मी नमस्कार करतो, कारण ते काम शुद्ध मास्तरकीचे होते. त्यांनी रीत मागितली. ती धड मिळेना, तेव्हा छापलेल्या उत्तरांवरून उलटे मागे जात, शेकडो तास खर्चून, त्यांनी ती रीत स्वतः मांडून काढली. आणि काय आढळले? जनुकांच्या यादीत नावे एक ओळ सरकलेली होती. गुणपत्रक उतरवताना एक ओळ खाली सरकली तर काय होते, ते कोणत्याही शिक्षकाला विचारा: प्रत्येक मुलाला वरच्या मुलाचे गुण मिळतात, आणि मौज अशी की वर्गाची बेरीज जशीच्या तशी राहते, सरासरी हलत नाही, कोणाला संशय येत नाही. पण याहून भयंकर दुसरी गोष्ट. काही औषधांच्या बाबतीत "लागू पडणाऱ्या" आणि "लागू न पडणाऱ्या" पेशींच्या पाट्याच उलट लागल्या होत्या. म्हणजे जे औषध या रोग्याला निरुपयोगी, तेच यंत्र त्याच्यासाठी निवडून देण्याचा संभव. रोगी मात्र समजत होता की, आपल्याला आपले स्वतःचे औषध मिळते आहे.

२००८ साली त्याच प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्याने शंका लेखी मांडल्या होत्या. त्याला गप्प राहण्याचा सल्ला मिळाला. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी २००९ साली आपले निष्कर्ष छापले, चाचण्या थांबल्या, विद्यापीठाने चौकशी केली, आणि २०१० च्या आरंभी त्या पुन्हा सुरू झाल्या! शेवटी त्या कायमच्या बंद पडल्या त्याच वर्षी, पण त्याला कारण काय झाले? पोट्टी यांनी आपण रोड्स शिष्यवृत्तीचे मानकरी असल्याचे जे लिहिले होते ते खोटे निघाले. गणित चुकले होते तोवर कोणाचे काही अडले नव्हते. अर्जातली बढाई चुकली तेव्हा धावपळ झाली. २०११ च्या सुरुवातीला तो निबंध मागे घेण्यात आला. २०१५ साली अमेरिकन सरकारच्या संशोधनाची सचोटी पाहणाऱ्या कार्यालयाने खोटी माहिती वापरल्याचा ठपका पोट्टी यांच्यावर ठेवला. त्यांनी तो कबूलही केला नाही आणि नाकारलाही नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: तो एका माणसाचा दोष, पद्धतीचा नव्हे. मान्य नाही. लबाडी एका माणसाची असेल. पण ओळ सरकली आहे हे इतक्या परीक्षकांना, सहलेखकांना, विद्यापीठाच्या मंडळाला वर्षानुवर्षे दिसले नाही, ते का? कारण रीत कोणी पाहतच नव्हते. उत्तर देखणे होते. आणि यंत्राचे उत्तर नेहमीच देखणे असते. दशांश चिन्हापुढे तीन आकडे काढून देते ते.

त्याच २००६ साली दुसरीही एक गोष्ट सुरू झाली, आणि तिचे नगारे कोणी वाजवले नाहीत. स्तनाच्या गाठीतली २१ जनुके मोजून रोग उलटण्याचा धोका एका आकड्यात सांगणारी एक तपासणी होती. आकडा कसा काढायचा ते सूत्र २००४ सालीच छापून उघड केलेले होते. पण मधल्या आकड्याच्या बायकांना केमोथेरपी द्यावी की नाही, हे त्या सूत्रावरून कळत नव्हते. मग काय केले? टेलर-एक्स नावाच्या चाचणीत १०,२७३ बायकांची नोंद झाली, आणि त्यांतल्या मधल्या आकड्याच्या ६,७११ जणींचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नुसत्या संप्रेरकविरोधी गोळ्या. दुसऱ्याला गोळ्या आणि केमोथेरपीही. आणि मग वाट पाहिली. निकाल आला २०१८ साली: नऊ वर्षांनी रोगमुक्त राहण्याचे प्रमाण एका गटात शेकडा ८३.३, दुसऱ्यात ८४.३. म्हणजे यांतल्या बहुतेक बायकांना केमोथेरपीचा जाच उगाच सोसावा लागत होता. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना मात्र तिचा थोडा लाभ दिसला, आणि तेही निकालात स्पष्ट लिहिले.

याला म्हणतात ताळा. बारा वर्षे लागली. इकडे ड्यूकचे यंत्र वर्षाच्या आत रोग्यांच्या शिरेपाशी पोहोचले होते.

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो खरोखरीचा आहे. रीत कळल्याशिवाय औषध घ्यायचेच नाही असे म्हटले, तर ॲस्पिरिन कोणी घेतलीच नसती. ती वेदना कशी थांबवते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडले. त्याआधी सत्तर वर्षे जग ती खातच होते. बरोबर आहे. म्हणून तर मी दोन शब्द वापरतो, एक नव्हे. रीत दाखवता येत असेल तर रीत दाखवा. यंत्राच्या पोटातली लक्षावधी वजने माणसाच्या भाषेत मांडता येत नसतील, तर ताळा दाखवा. चिठ्ठ्या टाकून, गट पाडून, वाट पाहून दाखवा की, यंत्राच्या सांगण्याप्रमाणे ज्यांना मात्रा दिली ती माणसे जास्त जगली, किंवा तितकीच जगली पण कमी पोळली. यांतले एकही न दाखवता रोग्यापुढे बिल ठेवता येणार नाही.

आणि ताळ्याच्या नावाखाली दुसरेच काही खपवायचे नाही. अमेरिकेच्या आयबीएम कंपनीचे "वॉटसन" नावाचे यंत्र कर्करोगाचे उपचार सुचवण्यासाठी आपल्या देशातही आले. मणिपाल रुग्णालयांनी ते घेतले. २०१८ साली बंगळूरच्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला: स्तनाच्या कर्करोगाच्या ६३८ रोग्यांपैकी शेकडा ९३ जणींच्या बाबतीत यंत्राचा सल्ला आणि रुग्णालयातल्या तज्ज्ञ-मंडळाचा सल्ला जुळला. हा ९३ चा आकडा मी किती जणांच्या तोंडून ऐकला असेल! पण दोन मुलांची उत्तरे जुळली यावरून उत्तर बरोबर आहे असे ठरते काय? रोगी किती जगल्या, किती सुखाने जगल्या, हे त्या आकड्यात नाही. आणि जिथे जुळले तिथे यंत्राने नवे काय सांगितले? त्याच वर्षी अमेरिकन वृत्तपत्रकारांनी कंपनीची आतली कागदपत्रे उजेडात आणली. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्या यंत्राला शिकवले होते, आणि शिकवताना खऱ्या रोग्यांऐवजी बऱ्याच अंशी कल्पित रोगी वापरले होते. कल्पित माणसे निर्माण करण्याचा धंदा माझाही आहे. पण माझ्या कादंबरीतल्या नायकाचे रक्त तपासून शेजारच्या माणसाला औषध द्यावे, असे मला कधी सुचले नाही. पुढे २०२२ साली कंपनीने आपल्या आरोग्य-विभागाची मालमत्ता विकून टाकली. ९३ चा आकडा अजून फिरतो आहे.

हे झाले परक्यांचे. आता आपल्या घरात पाहू.

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांना आतड्याचा कर्करोग झाला. उपचार शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात. दर एकवीस दिवसांनी एसटीने सहा तासांचा प्रवास, प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, सलाईन लावून घ्यायचे आणि रात्रीच्या गाडीने परत. दुसऱ्या खेपेनंतर अकराव्या दिवशी त्यांना हुडहुडी भरून ताप आला. तोंड आतून सोलले. या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी साधारण याच सुमारास तळाला जातात, म्हणून तो ताप साधा नसतो. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शने दिली, दोन बाटल्या चढवल्या; ताप उतरला. पुढच्या खेपेला शहरातल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "काका, काही त्रास?" बाहेर शंभर माणसे ताटकळत होती. सहकारी म्हणाले, "नाही साहेब, बरं आहे." त्रास सांगितला तर सलाईन पुढे ढकलतील, पुन्हा रजा, पुन्हा तिकीट, पुन्हा मुलाचा खाडा. केसपेपरवर शेरा पडला: "टॉलरेटेड वेल". मी तो शेरा पाहिला आहे. पुन्हा तीच मात्रा, पुन्हा तोच अकरावा दिवस. आणि या वेळी तालुक्याच्या दवाखान्यात आठ दिवस. ते वाचले, हे त्यांचे नशीब.

आता उद्या कोणी हुशार तरुण त्या रुग्णालयातले सगळे केसपेपर संगणकात भरील आणि यंत्राला शिकवील. यंत्र काय शिकेल? या वयाच्या, या वजनाच्या माणसाला ही मात्रा उत्तम सोसते. तो ताप कोणत्याच कागदावर नाही, म्हणून यंत्राच्या जगात तो आलाच नाही. आणि जो रोगी तिसऱ्या खेपेला परतलाच नाही, त्याचे काय? पैसे संपले म्हणून, माणूस सोबत यायला नव्हते म्हणून, किंवा गावीच प्राण गेला म्हणून? कागदावर तो मरत नाही. त्याची ओळ नुसती थांबते. खेड्यातला रोगी, बाईमाणूस, म्हातारा, हातावर पोट असलेला, यांच्याच ओळी अशा थांबतात. शहरातल्या विमेवाल्या रोग्याची ओळ मात्र शेवटपर्यंत पोहोचते. मग यंत्र कोणाचे "स्वतःचे" होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

परक्याच्या मुलांवर शिकलेले उत्तर आपल्या मुलांना कसे लागत नाही, याचा दाखलाही आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर मर्कॅप्टोप्युरिन ही गोळी १९५३ पासून वापरात आहे. दोनेक वर्षे रोज घ्यावी लागते. काही मुलांच्या शरीराला ती निकालात काढता येत नाही आणि त्यांचे रक्तच खाली बसते. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासातून त्याला जबाबदार असे एक जनुक सापडले, आणि ते तपासून मात्रा ठरवू लागले. उत्तम. पण पूर्व आशियातल्या मुलांत ते जनुक निर्दोष असूनही रक्त खाली बसे. २०१४ च्या सुमारास उलगडा झाला: तिथे दोष दुसऱ्याच जनुकात होता, एनयूडीटी-१५ मध्ये. तोच दोष भारतीय मुलांतही आढळतो. पहिल्या माहितीवर जे यंत्र शिकले असते, त्याने आपल्याकडच्या अशा मुलाला "हे सुरक्षित" म्हणून पुरी मात्रा देऊ केली असती. आणि त्याच्या हिशेबात चूक एकही नसती.

"पण डॉक्टर तरी कुठे रीत दाखवतात?" असा टोला हमखास येतो. तोही अगदीच पोकळ नाही. अनुभवाच्या नावाखाली मात्रा कमीजास्त करणारे डॉक्टर मीही पाहिले आहेत. तथापि डॉक्टरला विचारता येते. तो चिडला तरी त्याला तोंड आहे. त्याची चूक त्याच्या ओपीडीपुरती राहते, आणि कागदावर त्याची सही असते. यंत्राची सरकलेली ओळ एकाच सकाळी पन्नास गावांत सरकते, आणि सही कोणाचीच नसते. कंपनी म्हणते, आम्ही नुसते सुचवतो. डॉक्टर म्हणतो, यंत्राने सुचवले.

मात्रेच्या प्रश्नाला यंत्रावाचून हात घालता येत नाही, असेही नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने, तोंडाच्या आणि घशाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर केलेली एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. निव्होलुमॅब हे केमोथेरपीतले नव्हे, प्रतिकारशक्तीला चेतवणारे औषध. त्याची पुरी मात्रा आपल्याकडच्या बहुतेकांच्या ऐपतीबाहेरची. या डॉक्टरांनी तीन आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिले. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे शेकडा १६.३ होते, ते ४३.४ झाले. पुरी मात्रा याहून सरस की नाही, हे त्या चाचणीने तपासले नाही, आणि तसा दावाही केला नाही. पण आमच्या रोग्याला किती पुरे, हा प्रश्न आमच्या रोग्यांवर, चिठ्ठ्या टाकून, उघडपणे विचारला गेला.

यंत्रवाल्यांतही असे विचारणारे आहेत. त्यांना मी या तक्रारीतून वगळतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात डीन हो आणि त्यांचे सहकारी एक पद्धत चालवतात. तीत हजारो परक्यांचा ढीग नाही. त्याच रोग्याला आधी किती मात्रा दिली आणि त्याच्या रक्तातली खूण किती वरखाली झाली, एवढ्याच आकड्यांवरून त्याची वक्ररेषा काढायची आणि पुढची मात्रा सुचवायची. २०१८ साली त्यांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या एका रोग्याची हकीकत छापली. पुढे छोट्या चाचण्या केल्या. छोट्या आहेत म्हणून ते छोट्या म्हणतात. ही रेषा मला फळ्यावर काढून दाखवता येईल.

परंतु अशी रेषा काढायची तरी अकराव्या दिवसाचा ताप कागदावर यायला हवा. त्यासाठी यंत्र लागत नाही. एक परिचारिका, एक फोन आणि एक वही लागते. सातव्या, अकराव्या आणि पंधराव्या दिवशी रोग्याला विचारायचे, ताप आला का, तोंड आले का, जुलाब किती झाले, रक्त तपासले का, आणि नाही तपासले तर का नाही. रोगी परतला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी विचारपूस करायची आणि कारण लिहायचे. यंत्रे विकत घेणाऱ्या विश्वस्तांनी आधी या वहीसाठी माणूस नेमावा. आणि मग खुशाल यंत्र आणावे; पण संमतिपत्रावर, मराठीत, रोग्याला वाचता येईल अशा टायपात छापावे: हे यंत्र कोणत्या रुग्णालयातल्या किती रोग्यांवर शिकले, त्यांत आपल्याकडचे किती, ताळा कोणी केला आणि कुठे छापला, आणि आज ठरलेल्या मात्रेखाली सही कोणाची. मी वाचलेल्या संमतिपत्रांत फोटो काढू देण्याची ओळ होती, देणगीची ओळ होती. या ओळी नव्हत्या.